ग्लिंडा सुरुवातीलाच का नाही बोलली?

रामबागकर: सुट्टी लागली की इंदुरातल्या मराठी घरांत मुलांना १९३९चा ‘विझर्ड ऑफ ऑझ’ लावून देतात, मग एल. फ्रँक बॉमचं १९००चं पुस्तक कोण उघडतंय! माझं म्हणणं, आधी पुस्तकच. सिनेमाने गोष्टीचा कणा मोडलाय. पुस्तकात चांगल्या चेटकिणी दोन. वादळ डोरोथीला कॅन्ससहून घरासकट ऑझ या जादूच्या देशात आणून टाकतं, आणि तिला फक्त घरी परतायचं असतं. उत्तरेची म्हातारी तिला रुपेरी बूट देते, पण त्यांची जादू तिला ठाऊक नसते. ती ठाऊक असते दक्षिणेच्या ग्लिंडाला, म्हणून तिच्यापर्यंत जावंच लागतं. सिनेमात दोघींची एक केली. आता हीच ग्लिंडा सुरुवातीला बूट पायात चढवते आणि शेवटी म्हणते, टाचा तीनदा आपट, घरी जाशील. मग पोरीची एवढी पायपीट कशाला?

सराफा_रात्री: भिया, ग्लिंडा स्वतःच सांगते ना, आधी सांगितलं असतं तर डोरोथीचा विश्वास बसला नसता.

रामबागकर: ही सारवासारव झाली. सांगून तर बघायचं होतं!

पडद्यामागे: भोक आहे, मान्य. पण ते पडलं का, तेही बघा. पुस्तकात २४ प्रकरणं. दुष्ट चेटकीण बाराव्यातच पाण्याने विरघळते, ज्याच्याकडे डोरोथी मदत मागते त्या विझर्डचं, म्हणजे जादूगाराचं, पितळ पंधराव्यात उघडं पडतं, सतराव्यात तो फुग्यातून निघून जातो. पुढची सात प्रकरणं दक्षिणेची वाट: चिनी मातीच्या माणसांचं गाव, डोकं बाणासारखं मारणारे हातोडीडोके. रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवायचं तर झकास. १०२ मिनिटांच्या सिनेमात चेटकीण मेल्यावर एवढं फिरवलंत तर मुलं उठून पाणी प्यायला जातील. म्हणून दक्षिणेचा प्रवास कापला. तो कापल्यावर दक्षिणेच्या ग्लिंडाला उत्तरेला आणण्यावाचून इलाज नव्हता.

रामबागकर: कापा हो, पण हिरवे चष्मे का कापले? विझर्डच्या पाचूनगरीच्या वेशीवर प्रत्येकाला चष्मा घालून मागून कुलूप लावतात, किल्ली पहारेकऱ्याकडे. शहर हिरवं दिसतं ते त्या काचांमुळे. विझर्डची सगळी लबाडी त्या एका चष्म्यात आहे. तो काढला की उरले जीरावन मसाल्याविना पोहे.

पडद्यामागे: चष्म्यातून दिसणारी नगरी दाखवायची तर सगळी चौकटच हिरवी करावी लागणार, म्हणजे बूट काळपट दिसणार. आणि बूट रुपेरीचे माणकासारखे लाल केले तेच मुळी पिवळ्या रस्त्यावर उठून दिसावेत म्हणून; टेक्निकलर या रंगीत सिनेमाच्या तंत्राचा जमाना होता. तरी बॉमच्या रंगांना सिनेमा अगदीच विसरलेला नाही. बॉमचं कॅन्सस करड्या रंगात बुडालेलं: माळ करडा, घर करडं, एम मावशीचे गालसुद्धा करडे. सिनेमात तेच तपकिरी झालं. दार उघडतं तो शॉट तर निवांत बघा. सगळा रंगीत फिल्मवर घेतलाय. घराचा आतला भाग तपकिरी रंगवला, तपकिरी कपड्यातली बदली नटी दार उघडून बाजूला सरते आणि निळ्या फ्रॉकमधली ज्युडी गार्लंड, म्हणजे सिनेमातली डोरोथी, पुढे येते. जोड कुठे दिसत नाही.

टिळकनगर_ताई: दाखवणारच असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली साधारण वीस मिनिटं तपकिरीच असतात, टीव्ही बिघडला म्हणून रंगाची सेटिंग चिवडू नका. आणि चौकट जुन्या मापाची, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ‘झूम’ दाबून पडदा भरलात तर वरचं-खालचं मिळून जवळजवळ चौथा हिस्सा जातो. खाली नेमके बूट असतात! ‘स्ट्रेच’ केलंत तर चेटकीण जाडी दिसते.

सराफा_रात्री: 😄 ताईंचं बरोबर. पण सिनेमात शेवटी सगळं स्वप्न निघतं, ते मलाही खटकतं.

पडद्यामागे: त्याची पेरणी पहिल्या वीस मिनिटांत आहे. शेतावरचे तीन गडी तेच ऑझमधले डोरोथीचे सोबती: बुजगावणं, टिनमॅन आणि सिंह. सायकलवरची मिस गल्च तीच चेटकीण. विझर्ड झालेल्या फ्रँक मॉर्गनने तर एकट्याने पाच भूमिका केल्यात. स्वप्न आयत्या वेळी चिकटवलेलं नाही.

रामबागकर: पेरणी चांगली म्हणून पीक गोड होतंच असं नाही. पुस्तकात डोरोथी परतते तेव्हा हेन्रीकाकाने नवं घर बांधलेलं असतं, कारण जुनं वादळ खरोखर घेऊन गेलं. आणि गवतावर ती नुसत्या मोज्यांवर उभी असते. बूट वाटेत वाळवंटात पडले.