मदत हवी आहे: डॉक्टरांसाठीच्या व्यवसाय-सल्ल्याच्या पॉडकास्टमध्ये पाहुणे आणि प्रायोजक यांची मर्यादा कशी सांभाळावी?

नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझ्या पत्नीचे बारा खाटांचे प्रसूतिगृह आहे. मी स्वतः डॉक्टर नाही. परंतु गेली चौदा वर्षे तेथील हिशेब, नोंदण्या, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि टीपीएशी (विमा कंपन्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थांशी) होणारा पत्रव्यवहार मीच सांभाळतो. या काळात लक्षात आले की आमच्या भागातील डॉक्टर तेच ते प्रश्न एकमेकांना फोनवर विचारत असतात. शुश्रूषागृहाच्या नोंदणीचे दर तीन वर्षांनी येणारे नूतनीकरण अडले तर काय करावे, जैववैद्यकीय कचऱ्यातले पिवळ्या पिशवीत काय टाकायचे आणि लाल पिशवीत काय हे नव्या मावशींना कसे शिकवावे, कॅशलेस विम्याची रक्कम महिनोन्‌महिने अडकली तर पगार कशातून करावेत, असे हे प्रश्न असतात. म्हणून गेल्या दिवाळीत मराठीतून पॉडकास्ट सुरू केले. आतापर्यंत सात भाग प्रसारित झाले आहेत. आणखी चार भाग ध्वनिमुद्रित होऊन पडून आहेत, आणि ते का पडून आहेत हेच येथे मांडायचे आहे.

तांत्रिक बाबतीत मला मदत नको आहे. (तपासणीच्या खोलीतील टाइल्समुळे सुरुवातीला आवाज विहिरीतून आल्यासारखा येत असे; चादरी-गाद्यांच्या खोलीत बसू लागल्यापासून ती तक्रार मिटली.)

माझी खरी अडचण पाहुण्यांची आहे. या विषयावर अधिकाराने बोलू शकतील असे लोक तीनच प्रकारचे आहेत, म्हणजे डॉक्टर, सनदी लेखापाल आणि वकील. आणि या तिघांनाही स्वतःची जाहिरात करण्यास त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनी मनाई केली आहे. डॉक्टरांना वैद्यकीय परिषदेचे २००२ चे आचारविषयक विनियम लागू आहेत, लेखापालांना १९४९ च्या कायद्याची पहिली अनुसूची, आणि वकिलांना बार कौन्सिलचा नियम ३६. डॉक्टरांच्या विनियमांत सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लिहिण्यास किंवा व्याख्यान देण्यास मुभा आहे. मात्र ज्या मुलाखतीचा परिणाम स्वतःच्या प्रसिद्धीत होईल, ती चालत नाही. आमच्या मुलाखती आरोग्यावर नसतात, दवाखाना चालवण्यावर असतात. अशा मुलाखतींना ती मुभा लागू होते की नाही, हे मला त्या मजकुरावरून ठरवता आलेले नाही.

‘ऐकणारे डॉक्टरच आहेत, रुग्ण नाहीत, मग अडचण कुठे आली?’ असे एका पाहुण्यांनी मला विचारले. परंतु आमच्यासारख्या ठिकाणी एखाद्या तज्ज्ञाचे उत्पन्न बव्हंशी आसपासच्या जनरल प्रॅक्टिशनरांनी पाठवलेल्या रुग्णांवर अवलंबून असते, आणि तेच प्रॅक्टिशनर गाडी चालवताना हे भाग ऐकतात. त्यामुळे पाहुण्यांच्या ओळखीत रुग्णालयाचे नाव, नवे यंत्र आणि फोन क्रमांक आला की ती ओळख राहत नाही, असे माझे मत आहे. पडून असलेल्या चार भागांपैकी दोन भागांत नेमके हेच झाले आहे. ओळख कापून प्रसारित करावी, तर पाहुणे दुखावतात. (ध्वनिमुद्रण बंद झाल्यावर हीच मंडळी कट प्रॅक्टिसबद्दल (रुग्ण पाठवल्याबद्दल घेतल्या-दिल्या जाणाऱ्या कमिशनबद्दल) इतके मोकळेपणाने बोलतात की तोच खरा भाग व्हायला हवा होता, असे वाटत राहते.)

दुसरी अडचण नियम बदलण्याची आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी डॉक्टरांसाठी नवे विनियम अधिसूचित केले आणि २३ ऑगस्टला ते स्थगित करून २००२ चेच विनियम पुन्हा लागू केले. त्या तीन आठवड्यांत एखादा भाग केला असता, तर तो प्रसारित होईपर्यंत चुकीचा ठरला असता. प्राप्तिकराच्या कलम ४४एडीएवरील (वार्षिक जमा ठरावीक मर्यादेत असलेल्या व्यावसायिकांनी जमेचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरण्याची सोय) आमचा भाग सर्वांत जास्त ऐकला गेला. त्यात पाहुण्यांनी ५० लाखांची मर्यादा सांगितली. परंतु रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ती मर्यादा ७५ लाख होते, हे सांगायचे राहून गेले. त्यातच १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. अशा वेळी जुना भाग काढून टाकावा, की सुरुवातीला दुरुस्ती जोडून तसाच ठेवावा? लोक तो भाग एकमेकांना पाठवत असतात, म्हणून काढून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पण दुरुस्ती ऐकण्याइतका धीर किती जणांना असतो, याचीही शंका वाटते.

तिसरी अडचण पैशांची आहे. एका औषध कंपनीच्या प्रतिनिधींनी सहा भागांचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. डॉक्टरांनी औषध कंपनीकडून भेटवस्तू, प्रवासखर्च किंवा पाहुणचार घेऊ नये, हे मला ठाऊक आहे. मात्र पॉडकास्ट माझे आहे, पत्नीचे नाही, आणि मी डॉक्टर नाही. तेव्हा ही रक्कम घेण्यास हरकत आहे का? ज्यांनी अशा स्वरूपाचे काम केले आहे, त्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

प्रतिसाद

मी सनदी लेखापाल आहे आणि अशा दोन कार्यक्रमांत बोललो आहे. माझी ओळख करून देताना नाव, पदवी आणि गाव एवढेच सांगावे, फर्मचे नाव आणि क्रमांक सांगू नये, असे मी आधीच लेखी कळवतो. ही अट ध्वनिमुद्रणाच्या आधी कळवलेली असली की नंतर काही कापावे लागत नाही आणि कोणी दुखावतही नाही. जुन्या भागाची दुरुस्ती आवाजात जोडाच, पण शीर्षकातच ‘अमुक आर्थिक वर्षापुरते’ असे लिहा; शीर्षक सगळे वाचतात.

औषध कंपनीच्या बाबतीत मात्र आपले गृहीतक तपासून पाहावे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या विपणनासाठी जी समान संहिता काढली, तिच्यात डॉक्टरांच्या वैयक्तिक लाभाच्या भेटींसोबत त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या भेटींनाही मनाई आहे. ही रक्कम म्हणजे सेवेचा मोबदला आहे, असा युक्तिवाद आपण करू शकाल. परंतु पत्नीच्या प्रिस्क्रिप्शनवर त्याच कंपनीची औषधे असतील, तर तो कोणाला पटेल?

आणखी एक गोष्ट अशी की रुग्णसेवा जीएसटीतून मुक्त असली तरी प्रायोजकत्वाची रक्कम रुग्णसेवेत मोडत नाही. सेवांसाठी असलेली २० लाखांची नोंदणीची मर्यादा मोजताना त्याच पॅनवरील करमुक्त उलाढालही धरली जाते, म्हणून ही जमा रुग्णालयाच्या पॅनवर येऊ देऊ नका.

धागालेखक

मनापासून आभार. कुटुंबीयांचा उल्लेख माझ्या नजरेतून पूर्णपणे सुटला होता. आज दुपारी कंपनीच्या प्रतिनिधींना नकार कळवला, आणि ओळखीसंबंधी एक पानाचे पत्र तयार करून पुढच्या दोन पाहुण्यांना पाठवले आहे. त्यांच्यापैकी एकांनी लगेच होकार दिला, दुसऱ्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.

पॅनच्या मुद्द्यावर एक शंका राहिली. माइक, संपादनाचे पैसे आणि पाहुण्यांचे जेवण हा सर्व खर्च आजवर रुग्णालयाच्या खात्यातून झाला आहे. पॉडकास्ट माझ्या पॅनवर घ्यायचे ठरवले, तर मागील खर्च तसाच राहू द्यावा, की माझ्याकडून रुग्णालयाला परत केल्याची नोंद करावी?