जलरंगाची दोन वर्कशॉप्स झाली, हात मात्र तिथल्या तिथेच. काय चुकतंय?

रेघोट्या
मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड पण होती (हे मी अजून सांगत फिरते, नवरा हात जोडतो). त्यानंतर बावीस-तेवीस वर्षं ब्रशला हात नाही. मागच्या दिवाळीत लेकीसाठी आणलेला वॉटरकलरचा बॉक्स मीच फोडला आणि किडा परत वळवळला. राहते चिंचवडला, ऑफिस पाच दिवस, म्हणून शनिवार-रविवारची वर्कशॉप्स शोधली, आत्तापर्यंत दोन केली.

पहिलं एका दिवसाचं. हॉलमधे तीस-पस्तीस जण, सर पुढे डेमो देतात तो मोठ्या स्क्रीनवर दिसतो. डेमो खरंच बघत राहावा असा, दीड तास तो, मग जेवण, मग आपण तेच चित्र करायचं आणि साडेचारला ग्रुप फोटो. दुसरं दोन दिवसांचं, माणसं कमी, पण तिथले सर फिरता फिरता माझ्याजवळ आले, "द्या जरा इकडे" म्हणून हातातला ब्रश घेतला आणि माझ्या आभाळात असे दोन फटके मारले की आभाळ जिवंत झालं. ते चित्र फ्रेम करून हॉलमधे लावलंय. येणारा जाणारा म्हणतो, आभाळ काय जमलंय गं तुला! आणि मला दर वेळी चोरी पकडल्यासारखं होतं, कारण त्या चित्रात आभाळ सोडून बाकी सगळं माझं आहे.

घरी एकटी बसले की सगळं मळकट होतं. उजळ करायला पांढरा घातला तर आणखीच खडूसारखं दिसतं. आणि अर्धवट सुकलेल्या भागात जरा काही दुरुस्त करायला गेलं की कडा फुटलेले विचित्र डाग पडतात. आता वाईला चार दिवसांचं आउटडोअर वर्कशॉप आहे, राहणं-जेवण धरून बारा हजार. जाऊ, की आधी घरीच हात बसवू?

बोरूबहाद्दर
पैसे भरायच्या आधी त्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारा. एक, दिवसातले किती तास ब्रश आमच्या हातात असणार. दोन, एका शिकवणाऱ्यामागे किती जण. पहिल्याचं उत्तर निम्म्या दिवसाहून कमी असेल तर ती मैफल आहे, जाऊन ऐका, मजा येईल, पण त्याला शिकणं म्हणू नका. दुसऱ्याचं उत्तर बारा-पंधराच्या पुढे गेलं तर सर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत तुमचा वॉश (पातळ रंगाचा थर) सुकलेला असतो, मग ते फक्त "छान" म्हणून पुढे जातात.

मी स्वतः सात-आठ वर्कशॉप्स केली, त्यातली पाच वाया. वाया म्हणजे दिवस छान गेला, ओळखी झाल्या, पण पाचही वेळा घरी आणलेली चित्रं सरांच्या चित्राची उतरलेली कॉपी, पुढच्या रविवारी खिडकीतून दिसणारा बोळ काढायला बसलो तर सुरुवात कुठून करायची तेच कळेना. कारण काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे सगळं सरांनी आधीच ठरवून दिलेलं असायचं ना. जे एक सगळ्यात उपयोगी पडलं त्यात बाईंनी पहिल्या अर्ध्या दिवसात रंगच उघडू दिले नाहीत, आगपेटीएवढ्या चौकटी आखून पेन्सिलने नुसता उजेड, मधला आणि गडद असे तीन टोन भरायला लावले, डोळे बारीक करून बघायचं आणि भरायचं. तेव्हा वैताग आला होता, एक काका तर चहाला म्हणून गेले ते आलेच नाहीत.

फळाखडू
रेघोट्याताई, मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त. तुमचं लिहिलेलं वाचूनच रोग कळला, आणि गंमत म्हणजे तो आमच्यासारख्यांनीच लावलेला आहे.

तुमचा हात पोस्टर कलरचा आहे. ग्रेड परीक्षांना मुलं जास्त करून पोस्टर कलर वापरतात, तो अपारदर्शक, चुकलं की वरून दुसरा थर, उजळ हवं तर पांढरा मिसळ. संकल्पचित्राला (डिझाइनला) ते झकास. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. उजेड तुम्ही लावत नाही, शिल्लक ठेवता. म्हणून चित्र सुरू करतानाच ठरवावं लागतं की इथे मी हात लावणार नाही, आणि नेमकं तेच पोस्टर कलरवाल्याला जमत नाही कारण त्याला उजेड शेवटी टाकायची सवय. मळकटपणाचं पण तेच, दुरुस्ती म्हणून ओल्यावर तिसरा चौथा रंग घोळवत बसतो आपण. महिनाभर फक्त अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना, दोनच रंग वापरा. त्यांच्या मिश्रणातून उबदार, थंड, हलका, गडद सगळा राखाडी निघतो. आणि सुकल्यावर रंग एक पायरी फिका होतो हे धरूनच जरा जास्त गडद लावायचा.

आता त्या डागांचं. आम्ही त्याला फ्लॉवर म्हणतो, दिसतोही तसाच. ओला कागद तिरका धरून बघा, चमकतो. चमक आहे तोवर रंग सोडा, छान पसरेल. पूर्ण सुकल्यावर लावा, कड धारदार येईल. चमक जाते आहे पण कागद अजून गार लागतोय, तो मधला वेळ घातकी, तेव्हा ब्रशमधे कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर ते आधीच्या रंगाला बाहेर ढकलतं आणि फ्लॉवर उमलतो. हे सांगून येत नाही. एका पट्टीवर दहा चौकोन करा, सगळे एकदम ओले करा आणि दर मिनिटाला एकात रंगाचा थेंब सोडा, घड्याळ लावून. असं चार दिवस करा.

बोर्डाखाली एक जाडसर पुस्तक ठेवून जरा उतार द्या. वॉशच्या खालच्या कडेला पाण्याची ओळ जमते, ती तुटू न देता ब्रशने खाली खाली ओढत न्यायची. आभाळात त्या सरांनी दुसरं काही केलं नसणार, फक्त भरलेल्या ब्रशने एकदा जाऊन परत मागे वळून बघितलं नसणार.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी कोणी "द्या इकडे" म्हणालं तर शेजारी एक कोरा तुकडा ठेवा आणि म्हणा, सर, यावर दाखवा. मी पण नोकरीत पहिली दहा वर्षं मुलांच्या कागदावर हात चालवत होतो. चांगलं दिसतं, पालक खूश होतात.

जमलं तर कधी म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमधे सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ते दिवा धरलेल्या बाईचं चित्र बघून या. बरेच लोक ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. जलरंग आहे तो! ज्योतीवर धरलेल्या बोटांतून उजेड कसा झिरपलाय ते जवळून बघा, मग "कागद शिल्लक ठेवणं" म्हणजे काय ते माझ्या लेक्चरपेक्षा लवकर कळेल.

पागोळी
फळाखडू सर, मिनिटाचं गणित आमच्या चिपळूणला पावसाळ्यात चालत नाही हो, इथे चमक जायलाच अर्धा तास लागतो, हेअर ड्रायर घेऊन बसते मी :)

रेघोट्या, कागद कुठला वापरतेस ते लिहिलंच नाहीस. साध्या ड्रॉइंग पॅडवर हे काही होणार नाही, पातळ कागद पाणी पडलं की फुगतो आणि रंग खळग्यात साचतो. 300 जीएसएमचा जाड, शक्यतो 100 टक्के कॉटन घे. महाग आहे म्हणून जपून ठेवू नकोस, 22 बाय 30 इंची फुल शीट घेऊन आठ तुकडे फाड, साडेसात बाय अकराचा एक तुकडा सरावाला भरपूर. मी जपून ठेवले होते, कपाटात, दोन पावसाळे. बाहेर काढून वॉश दिला तर मधेच पांढुरके-काळपट ठिपके, तिथे रंग टीपकागदासारखा शोषला गेला. दमटपणाने कागदावरचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) गेलं होतं. चांगलं चित्र कधीतरी काढू म्हणून ठेवलेला सगळा कागद पेन्सिल स्केचला वापरावा लागला. आता प्लॅस्टिकमधे गुंडाळून ठेवते.

उगाचच
बारा हजार?? त्यात दोन वर्षांचा कागद येईल. बहुतेक शहरांत रविवारी सकाळी स्केचिंगला जमणारे ग्रुप असतात, फुकट. जा, बसा, काढा, शेवटी सगळ्यांची चित्रं जमिनीवर मांडून बघा. दुसऱ्याने तेच देऊळ कसं काढलं हे बघून जेवढं कळतं तेवढं डेमोत कळत नाही. बाकी यूट्यूब आहेच.

बोरूबहाद्दर
@उगाचच ग्रुपचं मान्य. पण ग्रुपमधे सगळे "वा वा" म्हणतात हो. ब्रशमधे पाणी जास्त आहे, टिपा आधी, असं त्या क्षणी हात धरून सांगणारा कोणीतरी लागतो, यूट्यूबला तुमचा ब्रश दिसत नाही.

रेघोट्या
सगळ्यांना धन्यवाद! सर, पट्ट्या केल्या. चार दिवस नाही, नऊ दिवस, ऑफिसमधून आल्यावर कुकर लावून शिट्ट्या होईपर्यंत. आमच्या डायनिंग टेबलवर पंख्याखाली चौथ्या मिनिटाला फ्लॉवर, पंखा बंद असेल तर सातव्या-आठव्या. लेक आता येता जाता ओरडते, आई चमक गेली!! कागद बदलला, पांढऱ्याची ट्यूब लेकीला देऊन टाकली. दोन रंगांत खिडकीतली पाण्याची टाकी काढली, पहिल्यांदाच टाकी गोल दिसतेय.

वाईचे पैसे भरलेत. चौदा जण आहेत आणि डेमो रोज सकाळी एकच, चाळीस मिनिटांचा, असं म्हणाले. वाईजवळच्या मेणवलीला आधी कोणी बसलंय का चित्र काढायला?

घाटावरचा
मी बसलोय, तीनदा. नाना फडणवीसांचा वाडा, खाली चंद्रकोरीसारखा घाट आणि कृष्णा, सगळं एका चित्रात कोंबायचा मोह होतो, अजिबात करू नका. घाटाच्या चार पायऱ्या आणि त्यावर पडलेली झाडाची सावली एवढं पुरतं. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा पण आहे तिथे, ती बघायला जा, पहिल्या दिवशी काढायला घेऊ नका.

सावल्या दोन तासांत पार सरकतात. बसल्या बसल्या आधी पेन्सिलने सावलीची हद्द आखून घ्या आणि मग ऊन काहीही करो, त्या रेघेला चिकटून राहा. मी पहिल्या वेळी सरकत्या सावलीच्या मागे मागे रंगवत गेलो, शेवटी चित्रात दोन सूर्य झाले. टोपी, डास पळवायचं मलम आणि पाण्याला दोन डबे न्या, एक धुवायला, एक स्वच्छ. बोर्ड सावलीत ठेवून बसा, पांढऱ्या कागदावर ऊन पडलं की रंगाचा अंदाज चुकतो, घरी येऊन बघाल तर चित्र मेलेलं.

रेघोट्या
जाऊन आले. थंडी होती, सकाळी धुकं असल्यामुळे कागद सुकेचना, पागोळीची आठवण आली. अकरा चित्रं केली, त्यातली आठ टाकाऊ, एक बरं, दोन सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. मी शेजारचा कोरा तुकडा सरकवला आणि फळाखडू सरांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, आवाज जरा कापला. ते एक सेकंद बघत राहिले, मग हसले, खाली मांडी घालून बसले आणि त्या तुकड्यावर तीन वेळा करून दाखवलं, आणि मी माझ्या कागदावर करेपर्यंत उठले नाहीत.

हॉलमधलं जुनं चित्र काढून तिथे हे लावलंय. काल जाऊबाई आल्या होत्या, बराच वेळ बघून म्हणाल्या, घाट छान आहे गं, पण वर आभाळात ते झाड कसलं?

फ्लॉवर आहे तो.