एकाच घरातली दोन मुलं, एकाची भूक भागतच नाही. हे जीन्समुळे असतं का?

रानजाई: जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मुलगी १३ ची, धाकटा ९ चा. स्वयंपाक एकच, जेवायला बसतात एकत्रच, पण लेक दीड पोळीत बास म्हणून उठते आणि हा तीन पोळ्या, वरणभात खाऊन दहा मिनिटांत परत ओट्यापाशी, फरसाणाचा स्टीलचा डबा हळूच उघडतो, त्या झाकणाचा आवाज आला की माझ्या पोटात गोळाच येतो. परवा लग्नात पंगतीत सगळ्यांसमोर एक नातेवाईक बोलले, "तोंडावर ताबा ठेव रे जरा". पोराने हातातली जिलबी ताटात ठेवली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. ह्यांच्याकडे सासरे, आत्या सगळेच अंगाने भारी आहेत. हे रक्तातूनच येतं का? आणि येत असेल तर आपल्या हातात काय उरतं?

सुरवंट: ताई, बऱ्याच अंशी हो. मी बायोटेक शिकवतो म्हणून थोडं सांगतो. २००७ मध्ये एफटीओ नावाच्या जीनचा वजनाशी संबंध सापडला, ज्यांना आई आणि बाबा दोघांकडूनही त्या जीनचं वजन वाढवणारं रूप, म्हणजे व्हेरियंट, मिळालं त्यांचं वजन सरासरी ३ किलोने जास्त भरलं. आता एवढंच असेल तर फार नाही, पण असे शेकडो जीन्स आहेत, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. आणि महत्त्वाचं म्हणजे ते काम कुठे करतात? लोकांना वाटतं मेटाबॉलिझम स्लो असेल. २००८ मध्ये स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांवर अभ्यास झाला, त्यात हे व्हेरियंट असलेली मुलं कॅलरी कमी जाळत नव्हती, जास्त खात होती, तेही तेलकट-गोड असं भरपूर कॅलरीचं. म्हणजे फरक पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत कसा पोचतो त्यात आहे. तुमच्या लेकीला तो दीड पोळीत मिळतो, मुलाला मिळत नाही. लेकीचा संयम मोठा असं नाहीये ते.

घाटमाथा: पण मग आपल्या आजोबांचे जीन्स पण हेच होते ना? तेव्हा कुठे एवढे लठ्ठ लोक दिसायचे? आणि ते डोपामिनच्या (मेंदूतलं, खाण्याची ओढ लावणारं रसायन) रिसेप्टरचा जीन म्हणून खाण्याचं व्यसन वगैरे जे फिरतं त्याचे निकाल पुढच्या अभ्यासांत सारखे आलेच नाहीत, तेवढं पक्कं समजू नका.

सुरवंट: डोपामिनचं मान्य, म्हणूनच मी ते लिहिलं नाही. आजोबांचं म्हणाल तर जीन्स तेच पण तेव्हा फरसाण दिवाळीला व्हायचं, आता पाच रुपयाचं पाकीट कोपऱ्यावर लटकलेलं असतं. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे पाकीटबंद प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं जेवण हवं तेवढं दिलं, तर प्रोसेस्डवर ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. आणि व्यायाम करणाऱ्या मोठ्या माणसांत एफटीओचा परिणाम साधारण पाव हिश्श्याने कमी दिसलाय, त्यामुळे हातात बरंच उरतं. फक्त एक, मूल दोन-तीन वर्षांचं असल्यापासूनच भुकेने रडत असेल आणि वजन झपाट्याने वाढत असेल तर मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांना दाखवा, लेप्टिन (पोट भरल्याचा निरोप देणारं हार्मोन) किंवा एमसी४आर (मेंदूत भुकेवर ताबा ठेवणारा जीन) मधला दोष क्वचित असतो पण असतो.

बोरकूट: ताई मी तो धाकटा होतो. घरी सगळे टोकायचे, म्हणून मी खाणं थांबवलं नाही, लपून खायला लागलो, वेफर्सची पाकिटं गादीखाली सापडायची. माझ्या आईने शेवटी एकच केलं, घरात ते आणणंच बंद केलं, सगळ्यांसाठी, बाबांसाठी पण. माझ्यासाठी वेगळा नियम नाही. भूक लागली की शेंगदाणे, काकडी, भाकरी काय हवं ते घे म्हणायची. वजन एकदम नाही उतरलं पण लपवणं थांबलं. कृपा करून त्याला एकट्याला डाएट लावू नका.

रानजाई: वाचून रडू आलं खरंच. लहानपणी असं रडणं वगैरे नव्हतं त्याचं, तरी एकदा दाखवून येते. डबा आजच रिकामा केला, ह्यांची कुरकुर झाली, होऊ दे. त्याला जवळ घेऊन सांगितलं की तुझ्या मेंदूला पोट भरल्याचं जरा उशिरा कळतं, तर तो विचारतो, "मग मी हावरट नाहीये ना आई?" आत्यांना आज रात्री फोन करतेय, पुढच्या कार्यात त्याच्या ताटाबद्दल कोणी काही बोलायचं नाही म्हणून.