अनुभव धागा: घरी बनवलेल्या गिटारचा नेक कसा बसवलात?

मंडळी, नमस्कार.

घरी इलेक्ट्रिक गिटार बनवणारे भेटले की लाकूड, पिकअप (तारांचा नाद पकडणारा चुंबकी भाग) आणि रंगाबद्दल भरभरून बोलतात. नेक (गिटारची दांडी) बॉडीत बसवताना काय झालं असं विचारलं, की मात्र प्रत्येकाकडून निराळीच हकीकत बाहेर येते. पुढच्या माणसाला सगळ्यात उपयोगी तीच असते. म्हणून हा धागा काढला. मोजमापांसकट लिहा, फसलेलं तर नक्कीच लिहा.

सुरुवात माझ्यापासून करतो.

पुणे (धागाकर्ता)

पाडलेल्या वाड्याच्या दाराचं सागवान मिळालं होतं. त्यातून टेलिकास्टरच्या (फेंडर कंपनीचं मॉडेल) घाटाची बॉडी कापली. 648 मिमी स्केलचा (वरच्या टोकाच्या नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तारेची लांबी) नेक तयार आणला. स्क्रूने नेक बसवायच्या या पद्धतीत नेकची टाच (बॉडीत जाणारं टोक) 25.4 मिमी जाड असते आणि बॉडीतली खाच 15.9 मिमी खोल, म्हणजे फिंगरबोर्ड (बोटं टेकवायची वरची पट्टी) बॉडीच्या वर साधारण साडेनऊ मिमी राहतो. माझ्या राऊटरचा (खाच कोरायचं यंत्र) बिट कॉलेटमधून (बिट धरणारी पकड) हळूहळू खाली सरकत होता, ते लक्षात येईपर्यंत खाच 18 मिमी झाली.

तारा चढवल्या. ब्रिजवरचे सॅडल (तारा टेकतात ते तुकडे) पार तळाला टेकवले तरी 12व्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) जाड तार 3 मिमी उंच. ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) पिळून पाहिला, तर उंची थोडी उतरली पण पहिल्या पाच फ्रेटवर तारा खरखरायला लागल्या. ट्रस रॉड नेकचा बाक दुरुस्त करतो, नेक कोणत्या कोनात बसलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. हे मला तेव्हा कळलं आणि रॉड परत होता तिथे आणून ठेवला.

मग कागदावर गणित मांडलं. खाच 76 मिमी लांब. खाचेच्या तोंडापासून ब्रिज सुमारे 250 मिमी. मागच्या भिंतीशी, म्हणजे पिकअपच्या बाजूला, टाचेखाली पट्टी सरकवली की नेक तोंडाच्या कडेवर तोलला जातो आणि त्या पट्टीची जाडी ब्रिजपाशी तिपटीहून थोडी जास्त होऊन उतरते. 12वा फ्रेट बरोबर मध्यावर, म्हणून तिथे त्याच्या निम्मा फरक. मुदत संपलेलं एटीएम कार्ड 0.76 मिमी जाड असतं. त्याचा तुकडा घातला तर 12व्या फ्रेटवर सव्वा मिमी उंची कमी व्हायला हवी होती, आणि झालीही. त्या संध्याकाळी जेवायला बसवेना, इतका आनंद झाला होता. सॅडलला खालीवर करायला थोडी जागा हवी म्हणून नंतर कार्ड काढून 1 मिमी सनमायका घातला.

पावसाळा सरता सरता 17व्या फ्रेटपासून पुढे तारा घासू लागल्या. स्टीलची पट्टी ठेवून पाहिलं तर शेवटचे फ्रेट वर उचलले गेले होते. टाच दोन टोकांवर टेकलेली, मधे पोकळी आणि वरून स्क्रूचा दाब; माझ्या मते त्यामुळेच. आता सागवानाची पूर्ण लांबीची पाचर केली आहे, एका टोकाला 1 मिमी, दुसऱ्या टोकाला शून्य. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून लाकडाची पट्टी त्यावर घासली, एका टोकावर बोटाचा जोर जास्त ठेवून. तीन पाचरी वाया गेल्या, चौथी जमली.

म्हापसा, गोवा

माझी अडचण उंचीची नव्हती, आडवी होती. नेक 56 मिमी, खाच 57. एक मिमी काय ते, असं वाटलं. पण खाचेत अर्ध्या मिमीने तिरपा बसलेला नेक नटपाशी कितीतरी जास्त बाजूला जातो. बारीक तार 12व्या फ्रेटच्या पुढे बोर्डाच्या कडेवरून खाली घसरायची. व्हायब्रॅटो देणं अशक्य.

आधी फक्त दोन्ही टोकांच्या तारा चढवल्या. त्या जरा सैल केल्या, चारही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा ढिले केले, बॉडी मांडीवर घट्ट धरून नेक हाताने ओढला आणि तसाच धरून भावाकडून स्क्रू आवळून घेतले. दोन्ही तारा कडेपासून सारख्या अंतरावर आल्या. महिनाभर टिकलं. एकदा गिटार स्टँडवरून कलंडली आणि नेक पुन्हा सरकला. तेव्हा अर्ध्या मिमीचा व्हिनीर एका बाजूच्या भिंतीला फेव्हिकॉलने चिकटवला. फक्त बॉडीला, नेकला गोंद लागू द्यायचा नाही. तेव्हापासून जागचा हललेला नाही.

रत्नागिरी

ताई, तुमच्या उलट माझं झालं. स्क्रू न लावता नेक धरून गिटार उचलता आली पाहिजे, असं सगळीकडे वाचलं होतं. तशीच घट्ट बसवली, मे महिन्यात. वर खाचेच्या आतही पीयूचा (पॉलियुरेथेन) रंग गेला होता. जुलैत ट्रस रॉड फिरवायला नेक काढायचा होता, माझ्या नेकला रॉडची चावी टाचेकडून लागते. निघेचना. हलवून हलवून काढला तेव्हा कटअवेकडची (हात वरच्या फ्रेटपर्यंत जावा म्हणून बॉडीत दिलेला खोलगट काप) पातळ भिंत चिरली.

आमच्याकडच्या हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला चांगलंच फुगतं. आता मी बाजूला कागद जाईल एवढी फट ठेवतो आणि रंगाआधी खाचेत मास्किंग टेप लावतो. नेकला धरून ठेवतो तो स्क्रूचा दाब आणि खाचेचा सपाट तळ. बाजूच्या भिंतींनी नेक फक्त सरळ ठेवावा, आवळू नये.

नाशिक

स्क्रूबद्दल लिहितो, कारण वर्षभर मी ट्यूनिंगला दोष देत होतो. बॉडीतली भोकं मी नेकच्या भोकांइतकीच, 3 मिमी पाडली होती. स्क्रूचे आटे बॉडीतही धरायचे आणि नेकमधेही, त्यामुळे कितीही पिळलं तरी नेक खाली ओढलाच जायचा नाही. गाडीचे टॅपेट सेट करायचं फीलर गेज ओळखीच्या गॅरेजमधून आणलं, तर टाचेखाली 0.3 मिमीची पात सरळ आत गेली.

बॉडीतली भोकं 5 मिमी केली. स्क्रू स्वतःच्या वजनाने त्यातून खाली पडला पाहिजे, आटे फक्त नेकमधे धरले पाहिजेत. मेपल कडक असतं, म्हणून स्क्रूला आधी मेण चोळलं. पाचर घातली की आवाज मरतो म्हणतात. मी पाचर घालून आणि काढून दोन्ही ऐकलं, मला फरक ऐकू आला नाही. ही 0.3 मिमीची फट गेल्यावर मात्र तारेचा नाद किती वेळ टिकतोय हे शेजारच्या खोलीतून बायकोनेही ओळखलं.

न्यू जर्सी

माझी लेस पॉलच्या (गिब्सन कंपनीचं मॉडेल) अंगाची, चिकटवलेल्या नेकची, पण वरून सपाट. इथे पाचर घालायची सोयच नाही, गोंद वाळला की विषय संपला. म्हणून आधी 1:1 चित्र काढलं. फिंगरबोर्ड आणि फ्रेट मिळून बॉडीच्या वर 7 मिमी, आणि ट्यून-ओ-मॅटिक (गिब्सनच्या पद्धतीचा) ब्रिज तर बराच उंच. नेक सपाट चिकटवला असता तर गिटार वाजवण्याजोगी राहिली नसती. 2 अंशांचा उतार दिला, 250 मिमीवर पावणेनऊ मिमी मिळाले आणि ब्रिज मधल्या उंचीवर आला.

गिब्सनच्या 1952च्या पहिल्या लेस पॉलमधे नेकचा कोन इतका कमी होता, की तारा ब्रिजच्या दांडीखालून न्याव्या लागत आणि हाताचा तळवा टेकवून तारा दाबणं जमत नसे. 1953मधे ब्रिज बदलला आणि कोनही वाढवला. हे वाचल्यावर माझ्या चित्रावर मी आणखी दोन रात्री घालवल्या.

मिरज

आमच्या घरात सतारी-तंबोऱ्यांचं काम चालतं. गिटार बनवली ती मी एकट्याने. वडिलांना दाखवली तर त्यांनी तारांकडे पाहिलंच नाही. हेडस्टॉक (दांडीचं खुंट्यांचं टोक) डोळ्याशी धरून, एक डोळा मिटून दांडीवरून ब्रिजकडे पाहिलं आणि म्हणाले, "दांडी सरळ आहे रे, बसली खाली आहे." फीलर गेजने मला जे सापडायला आठवडा लागला असता, ते त्यांना तेवढ्यात दिसलं.

पुणे (धागाकर्ता)

मिरजकर, वडिलांना नमस्कार सांगा. त्यांनी डोळ्याने केलं ते मी आता पट्टीने करतो, तारा चढवायच्या आधी. सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत नेतो. पट्टीच्या खालच्या कडेपासून सॅडलचा माथा 3 मिमी वर आला आणि तरीही सॅडलचा स्क्रू दोन्हीकडे फिरायला मोकळा राहिला, तर कोन बरोबर. 12व्या फ्रेटवर मग पावणेदोन मिमीच्या आसपास उंची येते.

रत्नागिरीकर, भिंत चिरली त्याचं पुढे काय केलंत? माझ्या दुसऱ्या बॉडीला तिथेच केसाएवढी रेघ दिसतेय.

रत्नागिरी

चिरेत पातळ सुपरग्लू सोडा, क्लँप लावून रात्रभर ठेवा. नेक बाहेर काढून ठेवायला विसरू नका.