असिस्टचा आकडा आणि हाताची ताकद
बेसबॉलमध्ये आउटफिल्डरच्या, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाच्या, थ्रोवर रनर बाद झाला की त्याच्या नावावर असिस्ट लागतो. पण जास्त असिस्ट म्हणजे जास्त दमदार हात, हे समीकरण अर्धंच खरं आहे. ज्याच्या हाताचा धाक बसलाय, त्याच्यासमोर रनर होम प्लेटकडे (जिथे धाव पूर्ण होते) न धावता तिसऱ्या बेसवरच थांबतो. मग असिस्ट येणार कुठून? फिलाडेल्फिया फिलीजचा राइट फील्डर चक क्लाइन याचे १९३० मधले ४४ असिस्ट घ्या. हात चांगला होताच, पण फिलाडेल्फियाच्या बेकर बोल या मैदानात राइट फील्डची (मैदानाच्या उजव्या मागच्या भागाची) भिंत होम प्लेटपासून जेमतेम २८० फुटांवर होती, त्यामुळे थ्रोचं अंतर कमी असायचं. बॉस्टनच्या फेनवे मैदानात ३७ फूट उंच भिंतीपुढे लेफ्ट फील्ड सांभाळणाऱ्या रेड सॉक्सच्या कार्ल यास्त्रेम्स्कीचंही काहीसं तसंच.

शिवाय कटऑफमार्गे, म्हणजे थ्रो मध्येच घेऊन पुढे फेकणाऱ्या क्षेत्ररक्षकामार्फत, रनर बाद झाला तरी आउटफिल्डरच्या नावावर असिस्ट लागतो. अचूक थ्रो कॅचरच्या (होम प्लेटमागच्या क्षेत्ररक्षकाच्या) हातून सुटला, तरीही लागतो.

थ्रोच्या तंत्रात वेगाइतकंच मोल चेंडू लवकर सुटण्याला आहे. उंच फटक्यावर चेंडूच्या थोडं मागे राहायचं आणि पुढे येत, फेकणाऱ्या हाताच्या खांद्यापाशी झेल घ्यायचा. एकच क्रो-हॉप (फेकण्याआधीची छोटी उडी), दोन नकोत. दुसऱ्या उडीच्या वेळात रनर तीन-चार पावलं पुढे जातो. पकड चार शिवणींचीच, म्हणजे बोटं शिवणींवर आडवी. नाहीतर चेंडू बाजूला वळतो आणि कॅचरला प्लेट सोडावी लागते. थ्रो कटऑफच्या डोक्याच्या उंचीने, एका टप्प्यात. बहुतेक जण इथेच चुकतात: उंच कमानीचा थ्रो दिसतो झकास, पण कटऑफला तो अडवता येत नाही आणि बॅटर फुकटात दुसऱ्या बेसवर पोचतो. असिस्टच्या रकान्यात हे नुकसान दिसत नाही.