मदत हवी आहे: जोडप्यांचं आणि गटाचं समुपदेशन प्रत्यक्ष बघून, मराठीतून कुठे शिकता येईल?

नमस्कार. समुपदेशन मानसशास्त्रात एमए करून नाशिकला तीन वर्षं काम करतेय. पाया विवेकनिष्ठ मानसोपचाराचा, म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेल्या आरईबीटीचा; त्यात 'असं झालंच पाहिजे' अशा हट्टी विचारांवर काम करतात. समोर एकच माणूस असला की हात बसलाय.

अडतं ते जोडप्यांपाशी. मध्यंतरी एक जोडपं आलं (तपशील बदललेत). नवऱ्याने बसताबसता खुर्ची माझ्याकडे वळवली, "मॅडम, आता तुम्हीच सांगा हिला." मी लगेच त्याच्या 'तिने माझं ऐकलंच पाहिजे'मधला 'च' पकडला आणि वीस मिनिटं त्यावरच काम केलं. मान वळवली तर ती पर्सची चेन उघडझाप करत खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या वेळी दोघंही आले नाहीत. दोघांसमोर मी एकाचंच सत्र घेतलं, हे फार लागलंय.

गटातही तेच. स्पर्धा परीक्षा देणारी आठ मुलं होती. एकजण म्हणाला, "घरी खोटंच सांगतो, थोडक्यात हुकली म्हणून." तिघांच्या माना हलल्या. तेव्हा त्या तिघांना बोलू द्यायचं, तर मीच समजावायला लागले. 'आपण एकटे नाही' हे कळणं गटात किती मोलाचं असतं ते परीक्षेत लिहून आले होते, पण गप्प किती वेळ राहायचं हे कोणी दाखवलं नव्हतं.

भाषेचाही प्रश्न आहे. आमचे रोल-प्ले इंग्रजीत झाले. मराठीत "काय वाटतं?" विचारलं की "मला वाटतं तो मुद्दाम करतो" येतं. तो विचार झाला, भावना नाही. आता मी "तेव्हा मनात काय दाटून आलं? राग, भीती, वाईट?" असं विचारते. तुम्ही कसं विचारता?

टिस (मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) इथल्यासारखा पूर्णवेळ अभ्यासक्रम नोकरी सोडून जमणार नाही. दोन-तीन दिवसांच्या, प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळा झाल्यात, त्यात स्लाइड्सच जास्त. मला अनुभवी व्यक्तीसोबत सह-समुपदेशक म्हणून बसायचंय, आणि क्लायंटच्या संमतीने केलेली माझी रेकॉर्डिंग्ज ऐकून चुका दाखवणारं कोणीतरी हवंय. शनिवार-रविवार ठाणे, पुणे, कुठेही येईन.

असं सुपरव्हिजन कोणी घेतलंय का? किती महिने, साधारण फी किती? आणि जोडप्याला एकत्र भेटण्याआधी दोघांना वेगवेगळं भेटावं का? भेटलात, तर एकाने सांगितलेलं गुपित पुढे कसं सांभाळता?