पिकअपच्या एसीचा क्लच दगा देतोय: नुसता क्लच बदलू की अख्खा कॉम्प्रेसर?

मालवाहू
नमस्कार मंडळी. डिझेल पिकअप आहे, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. गाडी गार असताना एसी लावला की हवा एकदम झकास येते, पण इंजिन चांगलं तापलं की कोमट. बोनेट उघडून पाहिलं तर पुली फिरतेय आणि तिच्या पुढची चकती जागच्या जागी उभी. गाडी निवली की पुन्हा 'खट्ट' करून धरते. शिवाय एसी बंद असतानाही त्या बाजूने बारीक घरघर येते, रेस दिली की वाढते.
एक मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसरच बदला, दुसरा म्हणतो क्लचवर भागेल. माझ्याकडे गोटी पान्यांचा सेट आणि मल्टिमीटर आहे, बेल्ट आणि ब्रेकपॅड मी घरीच बदलतो. नुसता क्लच पुरेल का? आणि गॅस न सोडता तो निघतो का?

ग्रीसगन
निघतो. क्लच कॉम्प्रेसरच्या बाहेर, शाफ्टच्या टोकावर बसलेला असतो. कॉइल, पुली आणि चकती असे तीन भाग: कॉइलला करंट मिळाला की ती चुंबक होऊन चकतीला फिरत्या पुलीवर ओढते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. यातल्या एकाचाही गॅसशी संबंध नाही.
गार असताना धरतो आणि तापला की सोडतो म्हटल्यावर माझा पहिला संशय गॅपवर. चकती आणि पुलीमधली फट बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिमीच्या आसपास असते (नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा). चकती झिजत जाते तशी ही फट वाढते. त्यात कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स चढतो, करंट उतरतो, चुंबक लेचापेचा पडतो आणि एवढ्या लांबून चकती ओढणं त्याला जमत नाही. इंजिन बंद करून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, तीन ठिकाणी मोजा.
चालू इंजिनवर लाकडाच्या काठीने चकती ढकलून बघायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका, बेल्ट तिथून बोटभर अंतरावर धावत असतो.

वायरमन
पाने काढण्याआधी मीटर काढा. क्लच सुटलेला असताना, कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने टोक घालून व्होल्टेज बघा. बॅटरीइतकं मिळालं पाहिजे. दहाच्या आसपास असेल तर रिलेचे (क्लचला करंट देणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळलेत किंवा अर्थिंग खराब आहे, क्लच बिचारा निर्दोष. काहीच मिळत नसेल तर फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच या क्रमाने जा. गॅस कमी झाला की हा स्विच मुद्दाम करंट तोडतो. अशा वेळी थेट बॅटरीची वायर लावून क्लच चालवत बसू नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नसेल तर तो कोरडा चालतो.
मग कनेक्टर काढून कॉइलचा रेझिस्टन्स घ्या, गार आणि गरम दोन्ही. १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ते ५ ओहम. गरम असताना मीटर अनंत दाखवू लागला तर कॉइल आतून तुटतेय.

मालवाहू
मोजलं. सुटलेला असताना कनेक्टरवर १३.८ व्होल्ट (इंजिन चालू). कॉइल गार ३.६ ओहम, गरम ४.७. गॅप मात्र एका जागी ०.९, दुसरीकडे १.१. चकतीवर निळसर डाग आहेत.

ग्रीसगन
मग सापडला चोर. शाफ्टवर चकतीखाली पातळ शिम, म्हणजे वॉशरसारख्या चकत्या, असतात. मधला बोल्ट काढा, चकती ओढा, एखादी शिम कमी करा, गॅप जागेवर. सुटा भाग एकही लागत नाही.

जुनाखटारा
ग्रीसगन, एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण निळा डाग म्हणजे चकती घसरून तापलेली आहे, आणि जागोजागी वेगळी गॅप म्हणजे ती वाकलीय. शिम काढून सरासरी जमेल, सपाटी कुठून आणणार? आणि एसी बंद असताना येणारी घरघर विसरलात. एसी बंद असला की कॉम्प्रेसर थांबलेला असतो, फिरते ती फक्त पुली. म्हणजे आवाज बेअरिंगचा. खात्री हवी तर बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवा, आत वाळू भरल्यासारखी करकर लागेल.
हे बेअरिंग चालढकल करण्यातलं नाही. जॅम झालं की बेल्ट जातो, आणि बऱ्याच इंजिनांत त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि वॉटर पंप असतो. मग एसी राहिला बाजूला, भर रस्त्यात गाडीच उभी. पूर्ण क्लच सेट घ्या: कॉइल, बेअरिंगसकट पुली, चकती.

थंडाथंडा
मी एसीचंच काम करतो. सेट मागवण्याआधी एक गोष्ट बघा. बेल्ट काढलेला असताना मधली चकती हाताने फिरवा. पुली नव्हे, चकती. ती कॉम्प्रेसरच्या शाफ्टला जोडलेली असते. थोडा जोर लागून एकसारखी फिरली तर कॉम्प्रेसर ठीक. अडकली, खरखरली किंवा अगदीच सैल फिरली तर तुमच्या पहिल्या मेकॅनिकचं बरोबर आहे. क्लच घसरतो तो कधीकधी आतला कॉम्प्रेसर जड झाल्यामुळेच, आणि तसं असेल तर नवा क्लचही जळेल.
चकतीमागे ऑइलचा ओलावा दिसतो का तेही बघा. शाफ्टचं सील गळत असेल तर नव्या चकतीवरही ऑइल येणार. सील बदलायचं तर गॅस मशीनवर काढून घ्यावा लागतो, हवेत सोडून द्यायचा नाही. हे काम घरी नको.

मालवाहू
पुलीत करकर आहेच. चकती एकसारखी फिरतेय, मागे कोरडं ठाक. सेट मागवतोय. काढताना काय सांभाळू?

जुनाखटारा
आधी जुन्या कॉम्प्रेसरच्या लेबलचा फोटो काढा आणि त्या नंबरवरून सेट घ्या. एकाच मॉडेलच्या पिकअपला वर्षागणिक वेगळी कंपनी आणि वेगळा कॉम्प्रेसर असू शकतो, पुलीवरच्या खाचा आणि व्यासही जुळले पाहिजेत. नुसती 'गाडीला बसते' या भरवशावर घेऊ नका.
बॅटरीची निगेटिव्ह काढा. मधला बोल्ट सोडवताना चकती पट्टा-पान्याने धरा. बोल्ट निघाला तरी चकती शाफ्टच्या दात्यांवर घट्ट असते. तिच्या मधल्या आट्यात बसणारा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा. हातोडी नाही, पेचकसाने तिरकी उचलणं नाही. शाफ्टला बसलेला ठोका सील आणि आतल्या भागांपर्यंत जातो.
शिम चकतीच्या आत चिकटून येतात आणि नंतर जमिनीवर पडतात. पडू देऊ नका. मग पुलीचं सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग), पुली, कॉइलचं सर्क्लिप, कॉइल. सर्क्लिप काढताना चष्मा घाला, ते उडतं. कॉइलच्या मागे एक बारीक खुंटी असते, नवी बसवताना ती कॉम्प्रेसरच्या भोकात गेलीच पाहिजे. नाहीतर कॉइल तिरकी बसते आणि पुलीला घासते. सर्क्लिपची उतरती कड बाहेरच्या बाजूला.

थंडाथंडा
जागा नसेल तर कॉम्प्रेसरचे माउंटिंग बोल्ट काढून तो पाइपांसकट जरा पुढे ओढता येतो. पाइप पिळू नका आणि कॉम्प्रेसर पाइपांवर लटकवू नका, तारेने बांधा.
मधला बोल्ट पुन्हा कसताना जोर दाखवू नका, तो लहान असतो. मॅन्युअलमधल्या टॉर्कवर टॉर्क रेंचने कसा, आणि गॅप कसल्यानंतरच मोजा. आधीची मापं खोटी असतात. चकती हाताने फिरवून तीन ठिकाणी माप घ्या.

वायरमन
कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर साफ करा. नव्या सेटच्या वायरला मधे डायोड असला तर वायर उलटी जोडू नका, फ्यूज उडेल.

मालवाहू
बसवला. चाकाच्या आतलं प्लास्टिक काढलं तर बाजूने छान हात गेला. पहिली गॅप ०.८ आली, एक पातळ शिम कमी केल्यावर तिन्ही जागी ०.४५. घरघर गेली. पण एसी लावल्यावर पहिल्यांदा जरा जळका वास आला, ते चालतं का?

थंडाथंडा
नवे पृष्ठभाग एकमेकांना बसताना थोडा येतो. इंजिन पंधराशे आरपीएमवर धरून एसी दहा-वीस वेळा चालू-बंद करा, प्रत्येक वेळी काही सेकंद. मग इंजिन निवू द्या आणि गॅप पुन्हा मोजा. वास त्यानंतरही राहिला तर चकती घसरतेय. गॅप बरोबर असूनही घसरली तर मात्र मशीन लावून दोन्ही बाजूंचं प्रेशर तपासून घ्या. गॅस जास्त भरलेला असला किंवा कंडेन्सरचा पंखा मंद असला की प्रेशर चढतं, आणि मार खातो क्लच.

मालवाहू
केलं. वास गेला. तापलेल्या गाडीवरही धरून आहे, गॅप ०.५. सेटबरोबर आलेल्या दोन-तीन शिम उरल्यात, ग्रीसगनना हव्या असतील तर ठेवतो.

ग्रीसगन
ठेवा. पुढच्या वेळी तुम्हालाच लागतील.